खोलल्यावर कळेल

गाडी चालवताना आपला डावा हात काय करतो, याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. लिहिणं, वाढणं, फळ्यावर खडू चालवणं, सही करणं ही सगळी उजव्याची कामं. डाव्याच्या वाट्याला धरून ठेवणं आलं. परात धरायची, वही दाबून धरायची, पदर धरायचा. गाडीत बसलं की मात्र हा क्रम बदलतो. उजवा हात चाकावर टेकलेला असतो आणि क्षण ओळखून करायचं नेमकं काम डाव्याकडे येतं. माझ्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावरची मूठ घासून गुळगुळीत झाली आहे. तिच्यावरचे एक ते पाच आकडे कधी पुसले गेले, ते मला सांगता येणार नाही. ते बघायची वेळच आली नाही. हाताला ते पाठ होते.

तिसऱ्या गिअरने त्रास द्यायला सुरुवात केली ती गेल्या पावसाळ्यात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांड्यातून तळहाताला बारीक खरखर जाणवू लागली. आवाज अजून नव्हता. कानाच्या आधी हाताला कळलं. पुढे आवाजही आला, दात खाल्ल्याचा. मग मी नकळत वेगळ्या रीतीने गिअर टाकू लागले. न्यूट्रलवर येऊन हात किंचित थांबवायचा, इंजिनाचा सूर जरा उतरू द्यायचा आणि मग दांडा हलकेच पुढे न्यायचा. तेवढं केलं की तिसरा बिनतक्रार पडायचा. शेजारी बसणाऱ्याला काही जाणवत नसे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी आपण असंच वागतो. त्याचा दुखरा खांदा कोणता ते आपल्याला ठाऊक असतं, आणि आधार देताना आपला हात आपोआप दुसऱ्या बाजूला जातो.

करंजी घाटात मात्र या हलक्या हाताचा उपयोग झाला नाही. नोकरीची बरीच वर्षं मी नगरहून पाथर्डीच्या बाजूच्या एका शाळेत जात होते. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं.) भिंगार मागे पडलं की डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो, पुढे मेहेकरी, मग घाट. हा काही माळशेज नव्हे. धुकं, धबधबे, फोटो काढणारी माणसं यातलं इथे काही नाही. बालाघाटाच्या रांगेतले बोडके माळ, खुरटी झुडपं, आणि एखाद्या लादलेल्या ट्रकच्या मागे धुरात अडकलेली एस.टी. पण गाडीची परीक्षा हा घाट बरोबर घेतो. इथे चौथा गिअर ओढत नाही आणि दुसरा उगाच ओरडतो. बहुतेक वळणं तिसऱ्याचीच आहेत. निवृत्तीनंतर मोहटादेवीला गेले होते, तेव्हा उतारावर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि दांडा आपणहून खाडकन मागे येऊन न्यूट्रलमध्ये उभा राहिला. गाडी एकदम मोकळी सुटली. ब्रेक चांगले होते, पुढे-मागे कुणी नव्हतं, काही झालं नाही. पण त्या मोकळेपणाने अंगावर काटा आला. इतकी वर्षं उतारावर इंजिन आपल्याला धरून होतं, हे त्याने सोडल्यावर कळलं.

आमचे मिस्त्री केडगावच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. मी शिक्षिका, म्हणून ते मला बाई म्हणतात. त्यांनी एक फेरी मारली, शेडमध्ये गाडी लावली आणि पाठीखाली पुठ्ठा घेऊन खाली शिरले. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सोडला तसं काळपट तेल ट्रेमध्ये पडू लागलं. गिअर ऑइलला गंधकाचा एक उग्र वास असतो, तो सगळ्या शेडभर झाला. मिस्त्रींनी दोन बोटांत तेल घेतलं, अंगठ्याने चोळलं, बाहेर उन्हात आले आणि हात माझ्यापुढे धरला.

"बघा बाई. चमकतंय ना?"

काळ्या तेलात सोन्याची पूड मिसळावी तशी बारीक चकाकी होती.

"हे पितळ. रिंगा झिजल्यात."

मग त्यांनी तो बोल्ट दाखवला. त्याच्या टोकाला छोटा लोहचुंबक असतो. त्यावर काळा, मऊ लेप जमला होता, पण कण किंवा तुकडा असं काही लागलं नाही. "लोखंड फारसं आलं नाही. दात शाबूत असतील. पण ते खोलल्यावर कळेल."

मी विज्ञान शिकवत होते. चुंबकाला काय चिकटतं आणि काय चिकटत नाही हा प्रयोग दरवर्षी मुलांकडून करून घेतलेला. खिळा चिकटतो, टाचणी चिकटते, पितळेची किल्ली चिकटत नाही. पण या भेदावरून कुणी यंत्राच्या पोटातलं दुखणं ओळखतो, हे माझ्या पाठात कधी आलं नव्हतं. लोखंड चुंबकावर जाऊन बसतं, पितळ तेलातच फिरत राहतं, आणि त्यावरून मिस्त्रींना पेटी न उघडता कळतं की आत कोण झिजतंय.

घरी आल्यावर मी या पितळी रिंगेबद्दल जमेल तेवढं वाचून काढलं, आणि त्या वाचनाचा आनंद मला अजून पुरतो आहे. पेटीच्या आत पुढे जाण्याच्या गिअरची चाकं कायम एकमेकांत दात अडकवून फिरत असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा त्यातलं एक चाक शाफ्टशी जोडतो, इतकंच. पण शाफ्ट एका वेगाने फिरतो आणि ते चाक दुसऱ्या. तसंच जोडायला गेलं तर दातावर दात आदळणार. म्हणून मध्ये ही रिंग असते. ती आधी जाऊन चाकाच्या पोलादी कोनाला टेकते, घासते, दोघांचा वेग एक करू लागते. आणि तो होईपर्यंत मागून येणाऱ्या स्लीव्हची वाट अडवून धरते. वेग जुळला की वाट मोकळी. हे सगळं आपला पाय क्लचवरून उठायच्या आत संपलेलं असतं. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून त्याला तिथे मुद्दाम बसवलेलं. घासायचं त्यानेच, झिजायचंही त्यानेच, आणि पोलादाचे दात राखायचे.

घर्षणाचा धडा शिकवताना मी ते एक नुकसान म्हणून शिकवलं आणि एक गरज म्हणूनही. पुस्तकात तसंच आहे. इथे मात्र ते काळजीचं काम करत होतं. मिस्त्रींच्या बोटांवरची ती चकाकी म्हणजे मी आजवर टाकलेल्या तिसऱ्या गिअरचीच पूड होती. पहिल्या तासाला उशीर होऊ नये म्हणून घाईने ओढलेला गिअर, पावसात ट्रकला मागे टाकताना टाकलेला, मुलाला तापात दवाखान्यात नेलं त्या रात्रीचा. प्रत्येकाने थोडं थोडं पितळ घेतलं. हे कळल्यावर गाडी विकायची की ठेवायची हा प्रश्न एकट्या पैशांचा उरला नाही.

वेग जुळवून देणारी ही सोय मोटारीत १९२८ साली आली, अमेरिकेत, कॅडिलॅक गाड्यांमध्ये. अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याची ती कल्पना. त्याआधी, आणि जड गाड्यांमध्ये त्यानंतरही कितीतरी वर्षं, ते काम चालकाच्या पायाने आणि कानाने होत असे. डबल क्लच. लहानपणी एस.टी.त मला चालकाच्या मागची जागा आवडायची ती यासाठीच. चढ लागला की तो क्लच दाबून गिअर न्यूट्रलवर आणायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोका द्यायचा, इंजिन हुंकारायचं, पुन्हा क्लच, आणि तो लांबलचक दांडा खालच्या गिअरमध्ये जाऊन बसायचा. चुकला तर सगळी बस शहारायची. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. तीस आसनांची बेडफर्ड, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. नगरच्या माणसाला हे नाव-गाव-तारखेसकट सांगता येतं आणि सांगताना त्याचा आवाज जरा चढतो, माझाही चढतो. तिसरा गिअर सांभाळण्यासाठी मी न्यूट्रलवर हात थांबवत होते, ते त्या जुन्या चालकांचंच काम अर्धंमुर्धं करत होते, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. रिंग थकली तसं तिचं काम परत माणसाच्या हातात आलं होतं.

मिस्त्रींचे उस्ताद एस.टी.च्या कार्यशाळेत होते. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मिस्त्रींनी मला चहा घेताना सांगितली. आगारात बसचा गिअरबॉक्स गेला की तिथे तो खोलत बसत नाहीत. विभागीय कार्यशाळेतून आधीच दुरुस्त करून ठेवलेला दुसरा बॉक्स येतो, तो चढवतात, बस दुसऱ्या दिवशी फेरीवर. उतरवलेला बॉक्स कार्यशाळेत जातो, तिथे त्याचं सगळं होतं, आणि मग तो आणखी कुठल्या तरी बसला लागतो. म्हणजे शेवगावच्या बसमधला बॉक्स पुढे जामखेडच्या बसमध्ये, तिथून कधीतरी अकोल्याच्या. दुरुस्तीही झाली आणि बदलही झाला. मला ही व्यवस्था फार आवडली. रस्त्यावरून जाणाऱ्या लाल गाडीकडे आता मी बघते, तेव्हा वाटतं की तिच्या पोटात घाट चढण्याची किती ठिकाणची सवय असेल.

माझ्यासाठी मिस्त्रींनी जे सुचवलं त्यातली एक गोष्ट याच जातीची होती. "भंगारातून बॉक्स आणू. ठोकलेल्या गाडीचा, कमी चाललेला. एका दिवसात बसवून देतो. नवा कंपनीचा घ्यायचा तर गाडीची आज जी किंमत येईल तिच्या निम्मे त्यातच जातील. आणि हाच खोलायचा, तर रिंगा, बेअरिंग, सील, जे निघेल ते. वेळ लागंल, पण बॉक्स तुमचाच राहील." शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. हिशेब त्यांनी माझ्यासमोर एका बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने मांडला आणि ते खोकं मला दिलं, घरी बोलून घ्या म्हणाले.

भंगारातल्या बॉक्सचा विचार मी खूप केला. तो स्वस्त होता आणि त्याने काम झालं असतं, यात शंका नाही. ठोकलेली गाडी म्हणजे कुणाची तरी गाडी. ती नगर-पुणे रस्त्यावर ठोकली की मनमाड रस्त्यावर, आतली माणसं वाचली का, हे सांगणारं त्या पेटीवर काही नसतं. आत त्या अनोळखी डाव्या हाताची सवय मात्र असते. कुणी दांड्यावर हात ठेवूनच गाडी चालवतो, त्याच्या पेटीत सिलेक्टरचा फोर्क आणि स्लीव्ह झिजलेले असतात. कुणी सिग्नलला गिअरमध्येच क्लच दाबून उभा राहतो, त्याचं रिलीज बेअरिंग लवकर जातं. मिस्त्री असा बॉक्स घेताना हाताने शाफ्ट फिरवून बघतात, एकेक गिअर टाकून बघतात, डोळे मिटून. त्यांना त्यातून जे कळतं ते मला कळणार नाही. पण कुणा दुसऱ्याचं झिजणं मी माझ्या गाडीत आणून चालवायचं, हे मनाला पटेना. एस.टी.च्या बॉक्सबद्दल मला जे इतकं आवडलं, ते स्वतःच्या गाडीच्या बाबतीत नको वाटलं. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, विकून टाक. आता ऑटोमॅटिक घे. डाव्या हाताला काम नको, पायाला नको." त्याचं म्हणणं मायेपोटी होतं, आणि माझा गुडघाही त्याच्याच बाजूने होता. त्याने मला समजावून सांगितलं की २०१४ पासून आपल्याकडे साध्या गाड्यांतही असे गिअर आले. आतली पेटी तीच असते, फक्त क्लच दाबायला आणि दांडा हलवायला यंत्राचा हात असतो. विजेच्या गाड्यांत बहुधा तेवढंही नाही, एकच ठरलेलं गुणोत्तर आणि सरळ चाक. त्याच्या बोलण्यात कायद्याचीही बाजू होती. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर. माझ्या एमएच-१६ ने ती पायरी ओलांडली आहे, आणि दर पाच वर्षांनी तीच पायरी पुन्हा येणार आहे. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण २०२१ मध्ये आलंच आहे. हे सगळं मी मान्य केलं. विचार करते म्हणाले.

गिअरशिवायचं वाहन मला नवीन नाही. बी.एस्सी.च्या काळात मी लुना चालवली, आणि ती नगरचीच होती. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली लुना काढली. नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात त्या बनायच्या. क्लच नाही, गिअर नाही, चढ आला की पायडल. साडीतल्या बायका, दूधवाले, शाळामास्तर, सगळे तिच्यावर. आता त्याच कारखान्यात मोटारींना लागणारे गिअर आणि शाफ्ट तयार होतात, आणि २०२४ मध्ये विजेवरची लुना आली तिचा सांगाडाही तिथलाच. ज्या गावाने लोकांना गिअरशिवाय चालायला शिकवलं, त्याच गावात पुढे गिअरचे दात कापले जाऊ लागले, या गोष्टीकडे मी बऱ्याचदा परत येते. त्यातून काय काढायचं ते ठरत नाही. पण तिथे काम करणारी मुलं माझ्या वर्गातली असू शकतात, एवढ्याने मला बरं वाटतं.

या सगळ्या दिवसांत मला सारखी आठवण येत होती ती मात्र मामांची. ते श्रीरामपूर भागातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो, तेव्हा गळीत हंगाम संपलेला असे. मळीचा वास हवेत असायचा, पण चिमणी थंड. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी भरून वाहणारं आवार रिकामं. आणि आत, त्या अवाढव्य शेडमध्ये, सगळं यंत्र उघडून पडलेलं. मामा आम्हाला एकदा आत घेऊन गेले. क्रेनने उचललेले रोलर लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवले होते आणि त्यांच्या बोथट झालेल्या खाचा लेथवर पुन्हा कापल्या जात होत्या. ते रोलर ज्यांच्यावर फिरतात त्या बेअरिंगना तिथे ब्रास म्हणत. त्यांचे जाड, अर्धगोल तुकडे एका रांगेत मांडले होते. पलीकडे माणूस उभा राहील एवढा गिअरबॉक्स झाकण काढून उघडा. मामांनी सांगितलं की वाफेचं टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि उसाचा रोलर फिरतो जेमतेम चार-पाच. मधला सगळा वेग या पेट्या गिळतात आणि त्याचं बळ करतात. ऊस बळाने पिळला जातो, वेगाने नाही. मी लहान होते, तरी हे वाक्य राहिलं. पुढे विज्ञान शिकवताना मी ते कितीतरी वेळा वापरलं.

मला तेव्हा ते सगळं मोडलेलं वाटलं होतं. मी तसं म्हटलंही. मामा म्हणाले, मोडलेलं नाही, खोललंय. दरवर्षी खोलतात. प्रवरानगरला १९५०-५१ मध्ये सहकारातला पहिला हंगाम झाला, तेव्हापासून या जिल्ह्यात जिथे जिथे कारखाना उभा राहिला तिथे हाच क्रम आहे. हंगाम संपला की यंत्र उघडायचं, पुसायचं, मोजायचं, झिजलेलं बदलायचं, उरलेलं परत बसवायचं. मग दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटवतात, गव्हाणीत मोळी टाकतात आणि पुन्हा चार-पाच महिने रात्रंदिवस. कारखान्यात यंत्र उघडायला ते बिघडावं लागत नाही. उघडणं हा वर्षाचा एक ऋतू आहे. माझ्या गाडीची पेटी मात्र जन्मल्यापासून कुणी उघडली नव्हती, आणि तिला उघडायची वेळ आली म्हणजे तिची अखेर आली असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मुलगाही, मीही. मामा असते तर त्यांनी पहिल्यांदा पेटी खाली घ्यायला सांगितली असती, आणि विकायचं की ठेवायचं हे बोलणं नंतर.

नगरमध्ये न उघडली जाणारी यंत्रंही आहेत. मुलांची सहल घेऊन मी रणगाडा संग्रहालयात बऱ्याचदा गेले आहे. १९९४ मध्ये लष्कराच्या आर्मर्ड कोअरने ते उभारलं. झाडांच्या सावलीत देशोदेशीचे रणगाडे रंगवून, नीट ओळीने ठेवलेले. मुलं तोफेकडे धावतात. मी गिअरबॉक्सच्या या प्रकरणात वाचलं की तिथल्या चर्चिल रणगाड्यात मेरिट-ब्राउन जातीची पेटी असते, जी एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवून तो प्रचंड लोखंडी डोंगर जागच्या जागी वळवू शके. आपला विजयंता, जो १९६५ पासून आवडीला बनू लागला, त्यातही त्याच घराण्याची पेटी. तिथे इतक्या वेळा जाऊनही मी त्यांच्या पोटातल्या या गोष्टीचा विचार केला नव्हता. त्या गाड्यांची निगा उत्तम आहे आणि तिथे गेलं की मन भरून येतं, पण तिथल्या कुठल्याही पेटीत आता पितळ झिजत नाही. माझ्या गाडीत झिजत होतं. मला त्यात एक जिवंतपणा वाटला, आणि हे वाटणं मी कुणाला पटवून द्यायच्या फंदात पडले नाही.

मिस्त्रींना मी पेटी खोला म्हणून सांगितलं, आणि मी बघायला येणार हेही सांगितलं. त्यांना ते आवडलं असावं. मी पोचले तेव्हा बॉक्स शेडच्या मधोमध लाकडी फळीवर होता आणि एका धुतलेल्या गोणपाटावर त्यातून निघालेला एकेक भाग निघाला त्याच क्रमाने मांडलेला होता. डिझेलने धुऊन, चिंधीने पुसून. त्यांच्या हाताखाली एक मुलगा आहे, आयटीआयला जातो आणि दुपारी इथे येतो. मिस्त्री भाग उचलायचे, त्याच्याकडे द्यायचे, तो नाव सांगायचा आणि त्याच जागी ठेवायचा. क्रम मोडू द्यायचा नाही, यावर मिस्त्रींचा कटाक्ष. खंडेनवमीला ते पाने-पक्कड याच गोणपाटावर मांडून पूजतात, हे मला माहीत होतं.

तिसऱ्याची रिंग त्यांनी माझ्या हातात दिली. बांगडीपेक्षा जाड, आतून बारीक रेघा असायला हव्यात तिथे बहुतेक गुळगुळीत. मग त्यांनी ती चाकाच्या कोनावर दाबून बसवली आणि रिंगेचे दात व चाकाचे दात यांच्या मधल्या फटीत फीलर गेजची पाती घालून बघितली. सर्वांत बारीक पातीसुद्धा जाईना. रिंग पार आत बसली होती. नव्या रिंगेला तिथे फट असते. ती फट संपली की रिंगेला घासायला जागाच उरत नाही. स्लीव्हच्या दातांची टोकंही एका बाजूला गोल झाली होती, उतारावर दांडा निसटायचा तो त्यामुळे. चाकांचे दात मात्र चांगले निघाले. मिस्त्रींचा चुंबक खरं बोलला होता.

मग दुसऱ्याची रिंग. तिथे पाती गेली, पण अडत. मुलाने घालून बघितली, मग मी. "ही अजून दोनेक वर्षं जाईल," मिस्त्री म्हणाले, "पण मग त्या वेळी बॉक्स परत उतरवावा लागंल. टाकायची का हीपण?" पेटी खोलायची असं ठरवलं की प्रश्न संपेल, अशी माझी समजूत होती. तो संपला नव्हता, लहान होऊन गोणपाटभर पसरला होता. प्रत्येक भागापाशी तोच प्रश्न उभा होता, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पाचव्याचं बेअरिंग हाताने फिरवलं की किंचित कुजबुजत होतं. एक सील कडक झालं होतं. पहिल्याची रिंग नव्यासारखी होती, तिला हात लावायचं कारण नव्हतं.

दुकानात फोन लावला तर तिसऱ्याची रिंग होती, स्लीव्ह पुण्याहून मागवावी लागणार होती, ओरिजिनल मिळते का बघतो म्हणाले, परवापर्यंत. मी दोन्ही रिंगा, स्लीव्ह, बेअरिंग आणि सगळी सील सांगितली. खोक्यावरच्या पेन्सिलीच्या हिशेबात भर पडली. मिस्त्री इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकले होते, जिथून बॉक्स काढला होता तिथे. क्लच आता उघडा दिसत होता.

"बाई, बॉक्स खालीच आहे तोवर क्लचप्लेटचं काय करायचं? आत्ता टाकली तर मजुरी वेगळी लागणार नाही."

मी म्हटलं, "आधी काढून दाखवा."

मुलगा बारा नंबरचा पाना घेऊन आला.